हमीची मुदत आणि वस्तूचे आयुष्य

वस्तू विकत घेण्याचा व्यवहार नेमका केव्हा पुरा होतो, हा प्रश्न वरवर पाहता फार सोपा वाटतो. गिऱ्हाइकाने पैसे मोजले, दुकानदाराने वस्तू हाती दिली, पावती झाली, की व्यवहार संपला असे सामान्यतः समजले जाते. परंतु वस्तू हाती आली म्हणजे तिचा गुणही हाती आला असे होत नाही. भाजीची परीक्षा ती शिजवताना होते, कापडाची पहिल्या धुण्यात होते. पण शीतकपाट, दूरदर्शन संच, धुलाईयंत्र किंवा मोबाईल फोन यांची परीक्षा व्हावयास वर्षे लागतात. बारा महिन्यांचे हमीपत्र असलेले यंत्र तेराव्या महिन्यात एके दिवशी अकस्मात बंद पडते आणि दुरुस्ती केंद्रातून उत्तर मिळते, "मुदत संपली!" चंदीगढच्या सेक्टर ३२ पासून सावंतवाडीच्या बाजारपेठेपर्यंत हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात, आणि ते ऐकून बहुतेक माणसे निमूटपणे परत फिरतात. हमीपत्र संपले त्याबरोबर आपला हक्कही संपला, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहावयाचे तर हमी या कल्पनेचा इतिहास थोडासा चाळला पाहिजे.

हा इतिहास आपल्याकडे बराच जुना आहे. विकलेली वा घेतलेली वस्तू परत करण्याविषयीच्या वादाला प्राचीन धर्मशास्त्रात स्वतंत्र नाव होते. त्यास 'क्रयविक्रयानुशय' म्हणत. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. खरेदी करून पस्तावलेल्या माणसाला माघार घेण्याची मुभा किती दिवस असावी, याचा विचार मनूने केला, कौटिल्याने केला आणि याज्ञवल्क्यानेही केला. मनूने दहा दिवसांची मर्यादा घातली. कौटिल्याने ती धंद्याप्रमाणे ठरविली: व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री, गुराख्याला पाच. परंतु या सर्वांत मार्मिक योजना याज्ञवल्क्याची आहे. खरेदी केलेली वस्तू पारखून पाहण्यास त्याने वस्तूगणिक निराळी मुदत सांगितली आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात दिवस आणि दुभत्या जनावराला तीन दिवस. त्या काळच्या समाजस्थितीप्रमाणे या यादीत दासदासीही येतात. तो भाग आज कोणासही लज्जास्पद वाटावा असाच आहे. परंतु यादीमागचे तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. बी रुजते की नाही हे कळावयास काही दिवस जावे लागतात. लोखंड खरे की खोटे हे एका दिवसात ठोकून पाहता येते. गाय किती दूध देते हे दोनतीन धारांत समजते. ज्या वस्तूचा दोष प्रकट व्हावयास जितका अवकाश लागतो, तितकी तिच्या परीक्षेची मुदत! मुदत ठरविणारा येथे विक्रेता नाही. वस्तूचा स्वभाव हाच तिचे माप आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीवरील सुप्रसिद्ध 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे, सुमारे अकराव्याबाराव्या शतकांच्या संधिकाळात लिहिली. महाराष्ट्राच्या व्यवहारशास्त्रावर तिचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात व्यवहाराचे विवेचन केले आहे, त्यावरून या जुन्या विचाराची व्याप्ती ध्यानात येते. याज्ञवल्क्याने आणखीही एक भेद केलेला आढळतो. सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्यास त्याने किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. म्हणजे परीक्षेची मुदत ही प्रामाणिक विक्रीपुरती. दोष झाकून केलेल्या विक्रीला निराळाच न्याय. या दोन कल्पना, वस्तूच्या स्वभावाप्रमाणे मुदत आणि झाकलेल्या दोषाला शासन, मनात ठेवल्या म्हणजे पुढचा इतिहास समजणे सोपे जाते.

इंग्रजी अंमलाबरोबर विक्रीचा इंग्रजी कायदाही या देशात आला. त्याचे मूळ सूत्र 'घेणाऱ्याने सावध असावे' हे होते. जत्रेत बैल घेणाऱ्याने त्याचे दात पाहावेत, खूर पाहावेत, चालवून पाहावा, आणि मग पैसे मोजावेत. पुढे काही निघाले तर ते त्याच्या नशिबी! बैलाच्या बाजारात हे सूत्र कदाचित चालून जाईल. पण कारखान्यात बनलेल्या, डब्यात बंद करून आलेल्या वस्तूचे दात पाहावेत तरी कोठे? एकोणिसाव्या शतकातील इंग्रज न्यायाधीशांना ही अडचण जाणवली आणि त्यांनी हळूहळू असे ठरविले, की धंदेवाईक विक्रेत्याने वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य असलाच पाहिजे, मग तसे कोणी लिहून दिलेले असो वा नसो. हेच तत्त्व आपल्या १९३० सालच्या मालविक्री अधिनियमाच्या सोळाव्या कलमात उतरले. हा अधिनियम १ जुलै १९३० रोजी अमलात आला आणि आजही तो चालू आहे. गिऱ्हाइकाने माल तपासला असल्यास तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. परंतु जे दोष तपासूनही दिसणारे नव्हते, त्यांची जबाबदारी विक्रेत्यावर राहते.

येथे एका शब्दाचा घोटाळा उलगडून घेतला पाहिजे. बाजारात ज्याला आपण 'वॉरंटी' म्हणतो ते उत्पादकाने स्वखुशीने छापलेले वचन असते: अमुक महिन्यांपर्यंत बिघाड झाल्यास आम्ही विनामूल्य दुरुस्ती करू. हे वचन त्याचे. त्याची मुदत त्याने ठरविलेली. त्यातील अपवादही त्यानेच बारीक टाइपात छापलेले. कायद्याने गृहीत धरलेली गुणवत्तेची शर्त मात्र यापासून वेगळी आहे. ती कोणी छापत नाही आणि म्हणून तिच्यावर मुदतीचा शिक्काही नसतो. छापील वचन संपले तरी गृहीत शर्त त्याबरोबर आपोआप संपत नाही. तथापि येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्याच अधिनियमाच्या बासष्टाव्या कलमाप्रमाणे उभय पक्षांच्या स्पष्ट कराराने ही गृहीत शर्त बाजूला सारता येते. हमीपत्राच्या पाठीमागील बारीक मजकूर अनेकदा नेमके हेच करू पाहतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली एका मोटारीच्या खटल्यात असा मजकूर अमान्य केला. कारण ज्या कराराचा एकही शब्द बदलण्याची सोय गिऱ्हाइकाला नसते, त्याला उभय पक्षांचा करार म्हणणे कठीण आहे. आपल्याकडे ही दृष्टी कायद्यात यावयास आणखी बराच काळ जावा लागला.

दरम्यान घराघरांत यंत्रे येऊ लागली होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि पुढील दोनतीन दशकांत मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात, भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली, रेडिओ विराजमान झाला. त्यासाठी डाकघरातून परवाना घ्यावा लागे. तो संच महाग होता. पण त्याच्या रचनेत एक उदारपणा होता. त्याचे व्हॉल्व्ह खोबणीत बसविलेले असत. एखादा जळाला तर तो हाताने उपसून दुसरा घालता येई. मागची फळी चार स्क्रू काढले की उघडे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली येथे सुट्या भागांची दुकाने वाढली आणि प्रत्येक पेठेत रेडिओ दुरुस्त करणारा एखादा कारागीर बसू लागला. त्या काळी हमीपत्राची मुदत संपण्याची धास्ती कोणास वाटत नसे, याचे कारण कायदा कडक होता हे नव्हे. वस्तू उघडता येत होती, भाग मिळत होता आणि ती जाणणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता, हीच त्या काळची खरी हमी होती.

उद्योगाच्या जगात मात्र निराळे वारे वाहू लागले होते. १९२४ साली जिनिव्हा येथे जगातील प्रमुख विजेचे दिवे बनविणाऱ्या कारखानदारांनी एकत्र येऊन एक संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांच्या आसपास राहील असा नियम केला. त्याहून अधिक टिकणारे दिवे बनविणाऱ्या सभासदाला दंड होई. अधिक टिकणारा दिवा वीज अधिक खातो व प्रकाश मंद देतो, असे समर्थन या नियमासाठी केले जाई, आणि त्यात काही तांत्रिक तथ्यही होते. परंतु दंड आकारून जी गोष्ट टिकवावी लागते ती केवळ गिऱ्हाइकाच्या हितासाठी असते, यावर विश्वास बसणे अवघड आहे. वस्तू किती टिकते हे उत्पादकाला ठाऊक असते, किंबहुना ते तो ठरवितो, आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसते, हा विषम संबंध त्या घटनेने प्रथमच ठळकपणे जगापुढे आणला.

महाराष्ट्रात या विषम संबंधाची जाणीव संघटित स्वरूपात दिसू लागली ती साठोत्तरी काळात. मुंबईत १९१५ सालीच प्रवाशांच्या हितासाठी एक संघटना निघाली होती. १९६६ साली काही गृहिणींनी मुंबईत पुढाकार घेऊन ग्राहक मार्गदर्शनाचे कार्य करणारी संस्था स्थापन केली. भेसळ, खोटी वजने आणि निकृष्ट वस्तू हे तिचे पहिले विषय होते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन गट करावा, धान्य व किराणा एकत्र खरेदी करावा आणि घरोघर वाटावा, ही तिची पद्धत होती. टंचाईच्या, रांगांच्या आणि काळ्या बाजाराच्या त्या दिवसांत या कामाचे मोल फार होते. त्यातूनच एक नवी जाणीव रुजली, की गिऱ्हाईक हा दुकानदाराच्या कृपेवर जगणारा एकटा मनुष्य नाही. तो 'ग्राहक' आहे, आणि ग्राहकांचा समाज हा अर्थव्यवहाराचा एक बरोबरीचा घटक आहे. आज सहज तोंडी येणाऱ्या 'ग्राहक' या शब्दाला हक्काचा अर्थ या चळवळीने मिळवून दिला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आले, १९८२ साली त्यात रंग आला, आणि ऐंशीच्या दशकात टीव्ही, मिक्सर, शीतकपाट यांची खरेदी हप्त्याहप्त्याने का होईना, मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. धान्याची भेसळ डोळ्यांना दिसू शकते. यंत्राच्या पोटातील भेसळ कशी दिसावी? ग्राहकाला स्वतंत्र कायदा हवा, त्याला दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवाव्या लागू नयेत, ही मागणी बळावत गेली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १५ मार्च १९६२ रोजी ग्राहकांच्या चार हक्कांचा उच्चार केला होता. १९८५ साली संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आपल्या संसदेने केलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियमाला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आज राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

या अधिनियमातील 'दोष' या शब्दाची व्याख्या हा हमीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. कायद्याने, किंवा व्यक्त वा गर्भित कराराने, किंवा विक्रेत्याच्या सांगण्याप्रमाणे जी गुणवत्ता असावयास हवी, तिच्यातील कोणतीही उणीव म्हणजे दोष, अशी ती व्याख्या आहे. या 'गर्भित' शब्दात १९३० च्या अधिनियमातील गृहीत शर्तीचा पुन्हा प्रवेश झाला. २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आलेल्या २०१९ च्या नव्या अधिनियमाने ही व्याख्या कायम ठेवली. या व्याख्येत हमीपत्राच्या मुदतीचा उल्लेख नाही. म्हणून विचारावयाचा प्रश्न हा, की दोष जन्मला केव्हा. तो केव्हा दिसला हे त्यानंतर पाहावयाचे. कारखान्यातून निघतानाच जो दोष यंत्राच्या पोटात होता, तो तेराव्या महिन्यात दिसला म्हणून तेराव्या महिन्यातला होत नाही.

ही केवळ तर्कातील गोष्ट नाही. या शतकाच्या आरंभी जगभर हजारो संगणक एकाच कारणाने बंद पडू लागले. त्यांतील कपॅसिटर नावाचे लहानसे नळकांडीवजा भाग फुगत, फुटत आणि त्यांतून द्रव पाझरे. आतील रासायनिक मिश्रणच सदोष होते. असे यंत्र दुकानात उत्तम चालत असे, वर्ष दीड वर्ष घरीही चालत असे, आणि मग एकाएकी थांबे. त्या ग्राहकांपैकी अनेकांचे हमीपत्र तोवर कालबाह्य झाले होते. काही उत्पादकांनी हमीची मुदत पुढे वाढवून दुरुस्तीचा भार स्वतः सोसला. बियाण्याला दहा दिवस देणाऱ्या याज्ञवल्क्याला ही गोष्ट नवलाची वाटली नसती. हे बीच असे होते, की ते रुजत नाही हे कळावयास दीड वर्ष लागले!

हक्काची ही बाजू सांगताना त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. नाही तर ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल. पहिली मर्यादा पुराव्याची. मुदतीच्या आत बिघाड झाला तर ग्राहकाला हमीपत्र दाखविणे पुरते. मुदतीनंतर मात्र हा दोष मुळातला आहे, वापराची झीज नव्हे, हे त्याला दाखवावे लागते. परीक्षणावाचून दोष ठरविता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च प्रथम तक्रारदाराने भरावयाचा असतो. दुसरी मर्यादा कालाची. तक्रारीचे कारण निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे गेले पाहिजे. विलंबाला सबळ कारण असल्यासच तो माफ होतो. तिसरी मर्यादा अनेकांच्या ध्यानात येत नाही. २०१९ च्या अधिनियमाने उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण जोडले आहे. पण ते सदोष वस्तूमुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला झालेल्या अपायासाठी आहे. संच पेटून घराचा पडदा जळाला तर ते प्रकरण लागू पडते. संच नुसता बंद पडला तर ग्राहकाला 'दोषा'च्या जुन्याच वाटेने जावे लागते. आणि चौथी मर्यादा सृष्टीनियमाची. प्रत्येक वस्तू झिजते. फोनची बॅटरी जसजशी भरली आणि रिती झाली तसतशी तिची शक्ती कमी होणारच. त्याला दोष म्हणता येत नाही. चिरंजीव वस्तूची मागणी कायदा करीत नाही आणि शहाण्या ग्राहकानेही ती करू नये.

या मर्यादा असूनही न्यायाची वाट आता पूर्वीपेक्षा पुष्कळच जवळ आली आहे. चंदीगढचेच उदाहरण घ्यावे. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार वसलेल्या या नगरात प्रत्येक सेक्टर सुमारे बाराशे मीटर लांब आणि आठशे मीटर रुंद असावा, त्याच्या मधून बाजाराचा रस्ता जावा आणि रोजच्या गरजा पायी चालत जाऊन भागाव्यात, अशी योजना होती. सेक्टर ३२ हा त्या नगराच्या दुसऱ्या टप्प्यातला. १९९१ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय याच सेक्टरमध्ये आहे. सरकारी सेवेच्या, लष्कराच्या किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या निमित्ताने तेथे राहावयास गेलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने बदलीपूर्वी नागपुरात दूरदर्शन संच घेतला आणि तो तेराव्या महिन्यात चंदीगढला बंद पडला, असे समजू. १९८६ च्या अधिनियमाप्रमाणे त्याला विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा खरेदीचे ठिकाण शोधत जावे लागले असते. २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. चंदीगढचा ग्राहक आयोग सेक्टर १९ मध्ये आहे. पाच लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर गाऱ्हाणे मांडता येते. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि भरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. एकतर्फी आणि अन्यायकारक करार रद्द ठरविण्याचा अधिकारही या अधिनियमाने राज्य आयोगाला व राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. हमीपत्रामागील बारीक टाइपाला प्रथमच तोलून पाहण्याचा काटा निर्माण झाला आहे. अर्थात हे सर्व पावती, हमीपत्र आणि दुरुस्ती केंद्राचा लेखी अहवाल जपून ठेवणाऱ्यालाच साधते. तोंडी मिळालेला नकार आयोगापुढे सिद्ध करणे कठीण जाते.

परंतु जिंकलेला हक्कही पुष्कळदा रिकाम्या हाताने परत येतो, कारण सुटा भागच मिळत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओचा काळ गेला. आजच्या यंत्रात बॅटरी डिंकाने चिकटविलेली असते, भाग डोळ्यांना दिसू नयेत इतके लहान असतात, आणि दुरुस्तीची माहिती उत्पादकाच्या कुलुपात असते. येथे वस्तूची मालकी ग्राहकाकडे आणि तिच्या आयुष्याची किल्ली दुसऱ्याकडे, अशी स्थिती होते. मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये या प्रश्नाला हात घातला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे असे ठरवून त्याने चौदा उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यावर पुढे अपिलेही झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या ग्राहक दिनी त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीविषयी स्वतंत्र निर्देश संमत केला. मुदतीनंतरही ठराविक उपकरणांची रास्त मोबदल्यात दुरुस्ती करून देण्याचे बंधन तो उत्पादकावर घालतो.

या सर्व घडामोडींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. वस्तूच्या आयुष्याचे माप कोणी ठरवावे? आज दुकानात हमीची मुदत एक वर्ष असते आणि जादा पैसे भरले तर ती दोनतीन वर्षांनी वाढवून मिळते. जो विक्रेता पैसे घेऊन पुढील तीन वर्षांची जोखीम पत्करतो, त्याने हिशोब करूनच ती पत्करलेली असते. वस्तू तितकी टिकेल असा भरवसा त्याला असतो. मग जादा पैसे न भरणाऱ्या ग्राहकाला तीच वस्तू एका वर्षात आयुष्य संपवून बसली असे त्याने कोणत्या तोंडाने सांगावे? शीतकपाट एक वर्षाच्या हिशोबाने कोणी घेत नाही. नोकरदार माणूस ते हप्त्याने घेतो, आणि पुष्कळदा हमीपत्राची मुदत संपते तरी हप्ते संपलेले नसतात. बंद पडलेल्या यंत्राचे हप्ते भरणाऱ्या घरात हा विषय कायद्याचा राहत नाही. तो महिन्याच्या जमाखर्चाचा आणि घरातल्या माणसांच्या मनस्तापाचा होतो. शिवाय टाकून दिलेल्या यंत्रांचा ढीग गावाबाहेर वाढत जातो तो वेगळाच. त्या ढिगाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०११ पासून आहेत आणि २०२२ मध्ये ते नव्याने करण्यात आले. पण दुरुस्त होऊ शकणारी वस्तू ढिगावर जाऊच नये, हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

म्हणून छापील मुदतीकडे कसे पाहावे, हे इतिहासाच्या आधाराने ठरविता येते. ती मुदत म्हणजे विनापुरावा, विनातक्रार दुरुस्ती मिळण्याचा काळ होय. तो काळ संपला म्हणजे पुरावा देण्याची पाळी ग्राहकावर येते, इतकाच त्याचा अर्थ. वस्तूने आपल्या स्वभावाला शोभेल इतके चालावे ही अपेक्षा मुदतीपूर्वी होती तशीच मुदतीनंतरही राहते, आणि ती रास्त आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार विक्रेत्याच्या टेबलापाशी संपत नाही. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या पंडिताने ज्या श्लोकावर टीका लिहिली, त्यात बियाण्याला, लोखंडाला आणि गाईला निरनिराळी मुदत होती. त्या यादीत शीतकपाटाला आणि फोनला किती वर्षे लिहावयाची, हे ठरविण्याचे काम आजच्या शासनापुढे आणि समाजापुढे आहे. ते होईपर्यंत "मुदत संपली" असे उत्तर मिळालेल्या ग्राहकाने एवढेच करावे: ते उत्तर लेखी मागून घ्यावे.